मतभेदाचा नेमका मुद्दा : तार्किक चाचणीतील एका प्रश्नप्रकाराची ऐतिहासिक पार्श्वभूमी

गोषवारा

विधी अभ्यासक्रमांच्या प्रवेशपरीक्षांमध्ये दोन व्यक्तींचा संवाद देऊन त्यांच्यातील मतभेदाचा नेमका मुद्दा ओळखावयास सांगणारा एक प्रश्नप्रकार आढळतो. वरवर पाहता हा परीक्षातंत्राचा विषय वाटतो. परंतु वादाचा मुद्दा निश्चित करण्याची गरज ग्रीक-रोमन वक्तृत्वशास्त्र, भारतीय न्यायदर्शन आणि दिवाणी न्यायप्रक्रिया या तिन्ही परंपरांनी स्वतंत्रपणे ओळखली होती. प्रस्तुत लेखात या परंपरांचा आढावा घेऊन, १८९१ च्या संमतिवयाच्या वादावर हीच कसोटी लावून पाहिली आहे. इतिहासाच्या अध्यापनात व उत्तरपत्रिकांच्या मूल्यमापनात या कसोटीचा उपयोग कसा होऊ शकतो, याचाही विचार शेवटी केला आहे.

बीजशब्द : मतभेद, वादमुद्दा, विप्रतिपत्ती, पक्ष-प्रतिपक्ष, तार्किक चाचणी, संमतिवय.

१. प्रस्तावना

वाद घालणे आणि वादाचा विषय ओळखणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिली गोष्ट मनुष्य सहज करतो, दुसरी मात्र त्याला शिकावी लागते. सभागृहात, वृत्तपत्रांत, अभ्यासमंडळाच्या बैठकीत किंवा घरातदेखील पुष्कळ वेळा दोन्ही बाजू तावातावाने बोलत असतात आणि तरीही एकीने मांडलेले विधान दुसरीने नाकारलेलेच नसते. एक बाजू हेतूविषयी बोलते, दुसरी साधनाविषयी. एक आजची स्थिती सांगते, दुसरी उद्याचा धोका. अशा वेळी वाद कितीही लांबला तरी त्यातून निर्णय निघत नाही, कारण निर्णय ज्यावर द्यावयाचा तो मुद्दाच निश्चित झालेला नसतो.

तर्कशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत अनुमानाची वैधता, संवाक्याचे प्रकार आणि तर्कदोष यांना भरपूर जागा मिळते. मतभेदाचे स्थान कसे शोधावे यास मात्र क्वचितच स्वतंत्र प्रकरण दिले जाते. हे काम आधुनिक काळात प्रवेशपरीक्षांनी, काहीशा अनपेक्षितपणे, उचलले. प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत : (१) सदर प्रश्नप्रकाराचे तार्किक स्वरूप स्पष्ट करणे, (२) त्याच्याशी साम्य असलेल्या जुन्या विचारपरंपरांचा परामर्श घेणे, (३) महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासातील एका वादावर ही कसोटी लावून तिची उपयुक्तता व मर्यादा तपासणे. या परंपरांपासून आधुनिक परीक्षेपर्यंत थेट वंशावळ दाखविण्याचा येथे प्रयत्न नाही. एकच गरज निरनिराळ्या संस्थांत निरनिराळ्या वेळी कशी उत्पन्न झाली, एवढेच पाहावयाचे आहे.

२. प्रश्नप्रकाराचे स्वरूप

या प्रकारात दोन व्यक्तींची लहान वक्तव्ये दिलेली असतात आणि पर्यायांपैकी कोणत्या विधानाबाबत त्यांचा मतभेद आहे, हे विचारलेले असते. उदाहरणादाखल पुढील संवाद पाहू.

सुलभा : महाविद्यालयाच्या ग्रंथालयाने मुद्रित नियतकालिके बंद करू नयेत. ती चाळताना विद्यार्थ्यांना, ते शोधत नसलेले उपयुक्त लेखही सापडतात.

माधव : असे लेख सापडतात हे खरे. परंतु ग्रंथालयाचा निधी मर्यादित आहे आणि क्रमिक पुस्तकांच्या प्रती विद्यार्थ्यांना पुरत नाहीत. म्हणून मुद्रित नियतकालिके बंद करून त्या रकमेतून पुस्तके घ्यावीत.

आता पाच विधाने घेऊ : (अ) मुद्रित नियतकालिके चाळताना अनपेक्षित लेख सापडतात. (आ) ग्रंथालयाचा निधी मर्यादित आहे. (इ) ग्रंथालयाने मुद्रित नियतकालिके चालू ठेवावीत. (ई) विद्यार्थ्यांना नियतकालिकांपेक्षा क्रमिक पुस्तकांची गरज अधिक आहे. (उ) संगणकावर उपलब्ध असलेली नियतकालिके मुद्रित नियतकालिकांइतकीच उपयुक्त आहेत.

प्रत्येक विधानाबाबत दोन प्रश्न विचारावयाचे. सुलभा यास काय उत्तर देईल? माधव काय उत्तर देईल? 'अ' ला दोघेही होकार देतील. येथे मतैक्य आहे. 'आ' वर माधवचे मत कळते, सुलभाचे कळत नाही. 'उ' वर दोघेही मौन आहेत. 'इ' वर सुलभा 'होय' म्हणेल आणि माधव 'नाही' म्हणेल. म्हणून मतभेदाचा मुद्दा तोच. सर्वांत फसवा पर्याय 'ई' हा आहे. माधवच्या बोलण्याचा कल त्या विधानाकडे आहे, यात शंका नाही. परंतु सुलभाने ते नाकारलेले नाही. पुस्तकांची गरज अधिक आहे हे मान्य करूनही, नियतकालिकांना हात न लावता दुसरीकडून पैसा उभा करावा, असे ती म्हणू शकते. तिच्या निष्कर्षावरून तिने न उच्चारलेले मत तिच्या पदरी बांधणे, हीच या प्रश्नात होणारी नेहमीची चूक होय.

या विवेचनावरून कसोटीचे तीन घटक निश्चित करता येतात. पहिला, विधान एकच असले पाहिजे. दुसरा, दोन्ही पक्षांची त्या विधानाविषयीची भूमिका त्यांच्या शब्दांतून, किंवा त्या शब्दांतून अपरिहार्यपणे निघणाऱ्या अर्थातून, सिद्ध झाली पाहिजे. तिसरा, त्या भूमिका एकाच वेळी खऱ्या असू शकणार नाहीत अशा असल्या पाहिजेत. यांपैकी एकही घटक नसेल तर तेथे भिन्न मते असतील, मतभेद नसेल.

३. ग्रीक-रोमन वक्तृत्वशास्त्रातील विचार

पाश्चात्त्य परंपरेत या प्रश्नाचा पद्धतशीर विचार इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकातील हर्मागोरास या ग्रीक वक्तृत्वाचार्याच्या नावाशी जोडला जातो. त्याचे मूळ ग्रंथ आज उपलब्ध नाहीत. त्याची मते मुख्यतः सिसेरो व क्विंटिलियन यांच्या लेखनावरून ज्ञात होतात. फिर्यादीचा आरोप आणि आरोपीचे उत्तर यांची जेथे टक्कर होते आणि वाद जेथे येऊन थांबतो, त्या स्थानाला ग्रीक भाषेत 'स्टॅसिस' म्हणत.

स्टॅसिसचे चार प्रकार मानले गेले. 'तू हे केलेस' या आरोपाला 'मी केले नाही' असे उत्तर आले, तर वाद वस्तुस्थितीचा. 'केले, पण ते तू म्हणतोस ते कृत्य नव्हे' असे उत्तर आले, तर वाद व्याख्येचा. 'केले, पण ते योग्यच होते' म्हटले, तर वाद कृत्याच्या गुणवत्तेचा. आणि 'याचा निवाडा करण्याचा अधिकार या न्यायालयाला नाही' असा आक्षेप घेतला, तर वाद अधिकारक्षेत्राचा. खासगी घरात ठेवलेली देवस्थानाची वस्तू कोणी चोरली तर ती साधी चोरी की देवद्रव्याचा अपहार, हे व्याख्येच्या वादाचे रोमन ग्रंथांतील प्रसिद्ध उदाहरण आहे. येथे वस्तू नेली हे दोन्ही बाजूंना मान्य असते. त्या कृत्याला काय म्हणावे यावरच तंटा असतो.

या मांडणीचे महत्त्व असे की, मुद्दा आरोपातून ठरत नाही, तो आरोप व उत्तर या दोहोंच्या भेटीतून ठरतो. एकाच आरोपाला चार वेगळी उत्तरे दिली असता चार वेगळे मुद्दे उत्पन्न होतात. म्हणून केवळ एका पक्षाचे भाषण ऐकून मतभेद सांगता येत नाही. चाचणीतील प्रश्नात दुसऱ्या वक्त्याचे पहिले वाक्य इतके महत्त्वाचे का असते, याचे उत्तर येथे सापडते. 'हे खरे, परंतु' अशा शब्दांनी तो पहिल्याचे काय मान्य करतो, हे कळल्याखेरीज तो काय नाकारतो हे कळत नाही.

४. न्यायदर्शनातील विप्रतिपत्ती

भारतीय परंपरेत हा विचार अधिक सूक्ष्म पातळीवर झालेला दिसतो. न्यायसूत्रांनी मानलेल्या १६ पदार्थांमध्ये संशय, सिद्धांत, निर्णय, वाद, जल्प, वितंडा व छल यांचा समावेश आहे. म्हणजे वादाची प्रक्रिया हाच या दर्शनाचा एक मुख्य विषय आहे. संशयाची जी ५ कारणे सूत्रकारांनी दिली, त्यांत विप्रतिपत्ती हे एक आहे. एकाच विषयासंबंधी परस्परविरोधी प्रतिपादने समोर येणे म्हणजे विप्रतिपत्ती. एक म्हणतो आत्मा आहे, दुसरा म्हणतो नाही. ऐकणाऱ्याच्या मनात संशय निर्माण होतो आणि त्या संशयाच्या निराकरणासाठी विचाराची सुरुवात होते.

भाष्यकार वात्स्यायन यांनी वादाच्या लक्षणाचे विवरण करताना पक्ष व प्रतिपक्ष म्हणजे काय, हे स्पष्ट केले आहे. दोन विरुद्ध धर्म एकाच अधिकरणावर सांगितले गेले, तरच ते पक्ष-प्रतिपक्ष होतात. अधिकरणे भिन्न असतील तर विरुद्ध धर्मांमुळेही वाद होत नाही. आत्मा नित्य आहे असे एकाने म्हटले आणि बुद्धी अनित्य आहे असे दुसऱ्याने म्हटले, तर नित्य व अनित्य हे शब्द विरुद्ध असूनही तेथे प्रतिपक्ष उभा राहत नाही, कारण एक आत्म्याविषयी बोलतो आहे आणि दुसरा बुद्धीविषयी. निर्णयाच्या विवरणात त्यांनी काळाचाही विचार केला आहे. एकाच वस्तूवर विरुद्ध धर्म वेगवेगळ्या वेळी संभवत असतील, तर तेथेही खरा विरोध राहत नाही. मागील भागात पाहिलेल्या कसोटीचा 'विधान एकच असले पाहिजे' हा घटक येथे सुमारे दीड हजार वर्षांपूर्वी शब्दबद्ध झालेला आढळतो.

सिद्धांताचे चार प्रकारही या दृष्टीने पाहण्यासारखे आहेत. सर्व शास्त्रांना मान्य असलेला तो सर्वतंत्रसिद्धांत. आपल्या व समानमताच्या शास्त्रापुरता मान्य असलेला तो प्रतितंत्रसिद्धांत. म्हणजे वादाला उभे राहण्यापूर्वी कोणती भूमी सामाईक आहे आणि कोणती नाही, याची वर्गवारी करण्याची सोय या दर्शनाने केली होती. अभ्युपगमसिद्धांतात तर प्रतिपक्षाचे एखादे म्हणणे न तपासता तात्पुरते गृहीत धरून पुढच्या मुद्द्याकडे जाता येते. वादापुरते मान्य करणे आणि मनापासून मान्य करणे यांतला हा भेद चाचणीतील उमेदवारालाही लक्षात ठेवावा लागतो.

खोट्या मतभेदाचाही विचार न्यायदर्शनाने केला. वाक्छलाचे 'नवकंबल' हे उदाहरण सर्वश्रुत आहे. वक्ता 'नव' हा शब्द 'नवीन' या अर्थाने वापरतो आणि प्रतिवादी तो 'नऊ' या अर्थाने घेऊन, याच्याजवळ नऊ कांबळी कोठे आहेत, असा आक्षेप घेतो. येथे वाक्य एकच असले तरी विधाने दोन आहेत. म्हणून आक्षेप मूळ म्हणण्याला लागतच नाही.

पुढे १६ व्या शतकात, व्यासतीर्थांच्या 'न्यायामृत' या ग्रंथाला उत्तर म्हणून मधुसूदन सरस्वतींनी 'अद्वैतसिद्धी' रचली. तिच्या आरंभीच, कथेच्या म्हणजे शास्त्रीय वादाच्या सुरुवातीला मध्यस्थाने विप्रतिपत्तिवाक्य मांडावे की नाही, याची चर्चा येते आणि ते मांडले पाहिजे असा निष्कर्ष दिला जातो. जगाच्या मिथ्यात्वासारख्या गहन प्रश्नात शिरण्यापूर्वी नेमके कोणते विधान एक पक्ष मानतो आणि दुसरा नाकारतो, ते त्रयस्थाने उच्चारावे, अशी ही शिस्त आहे. ती पक्षकारांकडे न सोपविता मध्यस्थाकडे दिलेली आहे, हे विशेष लक्षणीय होय.

५. दिवाणी न्यायालयातील वादमुद्दे

मध्यस्थाने मुद्दा मांडण्याची ही पद्धत आधुनिक भारतात एका वेगळ्याच मार्गाने, इंग्रजी न्यायप्रक्रियेतून, रोजच्या व्यवहारात आली. १८५९ मध्ये पहिली दिवाणी प्रक्रिया संहिता झाली. १९०८ ची संहिता अनेक दुरुस्त्यांसह आजही लागू आहे. तिच्या १४ व्या आदेशानुसार, तथ्याचे किंवा कायद्याचे एखादे महत्त्वाचे विधान एक पक्ष प्रतिपादन करतो आणि दुसरा नाकारतो, तेव्हा वादमुद्दा उत्पन्न होतो, आणि अशा प्रत्येक विधानाचा स्वतंत्र मुद्दा काढावयाचा असतो. वादीचा दावा व प्रतिवादीची कैफियत वाचून, तसेच १० व्या आदेशानुसार पक्षकारांना कोणते कथन मान्य व कोणते अमान्य हे विचारून, न्यायाधीश मुद्दे निश्चित करतात. पुरावा त्यानंतर येतो.

न्यायालय आणि परीक्षा यांत एक फरक मात्र ध्यानात घेतला पाहिजे. संहितेच्या ८ व्या आदेशानुसार वादीचे जे कथन प्रतिवादी स्पष्टपणे नाकारत नाही, ते सर्वसाधारणपणे त्याने मान्य केले असे समजले जाते. न्यायालयाला दावा निकाली काढावयाचा असतो, म्हणून मौनाला अर्थ देणे त्याला भाग पडते. चाचणीत मौनाला असा अर्थ नसतो. वक्ता ज्यावर बोलला नाही, त्यावर त्याचे मत अज्ञातच राहते. इतिहासाच्या अभ्यासकाची स्थिती या बाबतीत न्यायाधीशापेक्षा परीक्षार्थीला अधिक जवळची आहे. ऐतिहासिक व्यक्तीला पुन्हा बोलावून तिचे म्हणणे विचारता येत नाही, आणि तिच्या मौनाला संमती समजण्याचा अधिकारही कोणी आपल्याला दिलेला नाही.

६. प्रवेशपरीक्षेतील आगमन

अमेरिकेतील विधी महाविद्यालयांसाठीची 'लॉ स्कूल ॲडमिशन टेस्ट' अर्थात एलसॅट प्रथम फेब्रुवारी १९४८ मध्ये घेण्यात आली. दुसऱ्या महायुद्धानंतर प्रवेशेच्छूंची संख्या वाढली होती. विविध महाविद्यालयांतून आलेल्या पदवीधरांची तुलना करण्यास एक समान मापदंड हवा होता. परीक्षेचे स्वरूप पुढे अनेकदा बदलले. १९९१ पासून १२० ते १८० ही गुणश्रेणी आणि तार्किक युक्तिवादाचे दोन गुणांकित विभाग अशी रचना रूढ झाली. मध्यंतरी साथीच्या काळात परीक्षा आखूड करण्यात आली आणि ऑगस्ट २०२४ पासून कोड्यांच्या स्वरूपाचा विश्लेषणाचा विभाग वगळून पुन्हा तार्किक युक्तिवादाचे दोन विभाग ठेवण्यात आले. मतभेदाचा मुद्दा ओळखण्याचा प्रश्नप्रकार याच विभागात येतो. भावी वकिलाला अशिलाची कैफियत लिहावयाची आहे, हे लक्षात घेता त्याचे औचित्य वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही.

भारतात 'क्लॅट' ही सामाईक विधी प्रवेशपरीक्षा २००८ मध्ये सुरू झाली. २०२० पासून तिच्यातील तार्किक विभाग उताऱ्यांवर आधारित झाला आणि युक्तिवाद वाचून त्यातील गृहीते व निष्कर्ष ओळखण्यावर भर आला. महाराष्ट्रात २०१६ पासून विधी प्रवेशासाठी राज्यस्तरीय सामाईक परीक्षा घेतली जाते आणि तिच्यातही तार्किक विचाराचा विभाग आहे. प्राध्यापकवर्गाला अधिक जवळचे उदाहरण म्हणजे नेट परीक्षेचा पहिला पेपर. जून २०१९ पासून लागू झालेल्या त्याच्या अभ्यासक्रमात तार्किक युक्तिवादाच्या घटकात प्रमाणे, अनुमान, व्याप्ती व हेत्वाभास हे भारतीय तर्कशास्त्राचे विषय समाविष्ट आहेत. तथापि हेत्वाभासांची नावे पाठ करणे आणि दोन माणसांचे बोलणे ऐकून त्यांचा वाद कोठे आहे हे सांगणे, यांत अंतर आहे. पहिल्याने स्मरणाची परीक्षा होते, दुसऱ्याने श्रवणाची.

७. पडताळणी : संमतिवयाचा वाद

या कसोटीचा इतिहासाला काय उपयोग, हे पाहण्यासाठी १८९१ च्या संमतिवयाच्या वादाचे उदाहरण घेऊ. बेहरामजी मलबारी यांनी १८८४ मध्ये बालविवाह व सक्तीचे वैधव्य यांवर टिपणे प्रसिद्ध केली. त्याच वर्षी रखमाबाईंविरुद्धचा दावा मुंबई उच्च न्यायालयात दाखल झाला. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी रखमाबाईंच्या बाजूने निकाल दिला. अपिलानंतर प्रकरण परत आले आणि १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी त्यांना पतीकडे जाण्याचा किंवा ६ महिने कैद भोगण्याचा आदेश दिला. १८८८ मध्ये तडजोड झाली. १८९० मध्ये बंगालमधील फुलमणी दासी या बालिकेच्या मृत्यूच्या खटल्याने देश हादरला. ९ जानेवारी १८९१ रोजी सर अँड्र्यू स्कोबल यांनी विधेयक मांडले आणि १९ मार्च १८९१ रोजी ते संमत झाले. विवाहित असो वा अविवाहित, मुलीच्या संमतीचे वय या कायद्याने १० वरून १२ वर्षे केले.

पहिला गोंधळ येथेच होतो. विद्यार्थ्यांच्या उत्तरांत हा कायदा बालविवाहबंदीचा म्हणून वर्णिला जातो. वस्तुतः विवाहाच्या वयाला त्याने हात लावलेला नव्हता. ते काम १९२९ च्या शारदा कायद्याने केले आणि तेव्हा मुलीचे किमान विवाहवय १४ व मुलाचे १८ ठरले. वादाचे विधानच चुकीचे घेतले, तर त्यावरील पक्ष-प्रतिपक्षही चुकीचे ठरणार.

दुसरा गोंधळ व्यक्तींच्या भूमिकांचा आहे. 'आगरकर सुधारणेच्या बाजूचे, टिळक विरोधी' हे वाक्य उत्तरपत्रिकांत वारंवार येते. त्यास कसोटी लावून पाहू. विधान पहिले : फार लहान वयात मुलींचे विवाह होणे इष्ट नाही. यावर आगरकरांचे मत स्पष्ट आहे. पण टिळकांनीही १८९० मध्ये, सुधारकांनी स्वतःपुरते पाळावयाचे म्हणून जे नियम सुचविले, त्यांत मुलीचा विवाह १६ वर्षांपूर्वी व मुलाचा २० वर्षांपूर्वी करू नये असे होते. म्हणजे या विधानावर दोघांचा मतभेद दाखविता येत नाही. विधान दुसरे : या बाबतीत परकीय सरकारने कायदा करावा. यावर आगरकर होकार देतात, टिळक नकार देतात. सुधारणा समाजाने शिक्षणाच्या व स्वेच्छेच्या मार्गाने घडवावी, ही टिळकांची भूमिका होती आणि १८५८ च्या राणीच्या जाहीरनाम्यातील धर्मात हस्तक्षेप न करण्याच्या आश्वासनाचा आधार विधेयकाचे विरोधक घेत होते. मतभेदाचा एक नेमका मुद्दा हा होय.

विधान तिसरे : प्रस्तावित कायदा शास्त्रविरुद्ध आहे. येथे टिळकांचे प्रतिपक्षी मुख्यतः डॉ. रा. गो. भांडारकर आहेत. भांडारकरांनी धर्मशास्त्राच्या वचनांचा अर्थ लावून कायदा शास्त्राला बाधक नाही असे प्रतिपादन केले, आणि गर्भाधानसंस्काराच्या काळाचा प्रश्न पुढे करून टिळकांनी त्याचे खंडन केले. आगरकरांचा मार्ग निराळा होता. सामाजिक आचाराची योग्यता बुद्धीच्या निकषावर ठरवावी, शास्त्राचा आधार असो वा नसो, ही त्यांची दृष्टी होती. म्हणून आगरकर व टिळक यांच्यातील खोल मतभेद गर्भाधानाच्या वचनांवर नाही, तर अशा प्रश्नात शास्त्रवचन निर्णायक मानावे काय यावर आहे. स्टॅसिसच्या भाषेत सांगावयाचे तर भांडारकर व टिळक एकाच न्यायासनापुढे उभे आहेत, आगरकर त्या न्यायासनाचा अधिकारच अमान्य करतात.

तिसरी एक गोष्ट या पडताळणीतून हाती लागते. भांडारकर व आगरकर यांचा निष्कर्ष एक, कारणे भिन्न. यावरून त्यांच्यात शास्त्राच्या अधिकाराविषयी मतभेद होता असे लगेच म्हणता येईल काय? केवळ युक्तिवादाच्या पद्धतीवरून नाही. शास्त्राचा आधार देणारा मनुष्य, शास्त्राखेरीज दुसरा आधार चालणारच नाही, असे म्हणत असेलच असे नाही. तो आपल्या श्रोत्यांना पटेल असे प्रमाण निवडीत असेल. असा मतभेद दाखवावयाचा तर भांडारकरांचे त्या विधानाविषयीचे स्वतंत्र वचन पुढे आणावे लागेल. कसोटीचा दुसरा घटक, म्हणजे भूमिका शब्दांतून सिद्ध होणे, येथे इतिहासकाराच्या हाताला आवर घालतो.

८. कसोटीच्या मर्यादा

ही कसोटी सर्व प्रकारच्या वादांना सारख्याच सुलभतेने लागू पडते, असे मात्र नाही. काही वाद विधानांच्या सत्यतेविषयी नसून त्यांच्या अग्रक्रमाविषयी असतात. सामाजिक सुधारणा आधी की राजकीय सुधारणा आधी, हा त्या काळातला दुसरा मोठा वाद; न्यायमूर्ती तेलंग यांनी १८८६ मध्ये याच विषयावर व्याख्यान दिले होते. येथे दोन्ही सुधारणा हव्यात हे बहुतेकांना मान्य होते, म्हणून सुटी विधाने घेऊन 'होय' व 'नाही' विचारल्यास मतभेद दिसेनासा होतो. अशा वेळी विधानच तौलनिक घ्यावे लागते : सामाजिक सुधारणा राजकीय सुधारणेच्या आधी झाली पाहिजे. मग पक्ष-प्रतिपक्ष पुन्हा स्पष्ट होतात.

दुसरी मर्यादा अशी की, परीक्षेतील वक्त्यांना इतिहास नसतो. त्यांची मते त्या चार वाक्यांपुरतीच असतात. प्रत्यक्षातील व्यक्ती वर्षानुवर्षे लिहीत असते, मत बदलत असते, आणि निरनिराळ्या श्रोत्यांपुढे निरनिराळ्या मुद्द्यांवर भर देत असते. वात्स्यायनांनी सांगितलेला काळाचा भेद येथे उपयोगी पडतो. एकाचे आधीचे मत आणि दुसऱ्याचे नंतरचे मत समोरासमोर ठेवून मतभेद सिद्ध होत नाही. तिसरी मर्यादा ही की, मुद्दा ओळखणे म्हणजे मुद्दा सोडविणे नव्हे. कोणाचे बरोबर, हे ठरविण्यास प्रमाण लागते, आणि ते ही कसोटी पुरवीत नाही.

९. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

(१) मतभेदाचा मुद्दा ओळखण्याचा प्रश्न हा आधुनिक परीक्षातंत्राची केवळ एक क्लृप्ती नसून, वादाचा निर्णय करू पाहणाऱ्या प्रत्येक व्यवस्थेला भेडसावलेल्या गरजेचे ते परीक्षेतील रूप आहे.

(२) विधानाची एकता, भूमिकेची सिद्धता आणि विरोधाची अपरिहार्यता हे या कसोटीचे तीन घटक आहेत. त्यांपैकी पहिल्याचे विवेचन न्यायभाष्यात विशेष स्पष्टपणे आले आहे. नेटच्या अभ्यासक्रमात भारतीय तर्कशास्त्र आलेच आहे, तर हेत्वाभासांबरोबर पक्ष-प्रतिपक्षाचे हे लक्षणही अध्यापनात यावे.

(३) न्यायालयात मौन मान्यता ठरू शकते. चाचणीत व इतिहासलेखनात ते ठरू नये.

(४) इतिहासाच्या प्रश्नपत्रिकेत 'अमुक व तमुक यांच्या विचारांची तुलना करा' या साचेबद्ध प्रश्नाऐवजी, दोघांना मान्य असलेले एक विधान व ज्यावर त्यांचा मतभेद होता असे एक विधान आधारासह लिहावयास सांगितले, तर विद्यार्थ्याला दोघांचेही म्हणणे वाचावे लागेल. आज अनेकदा तो एकाचेच वाचतो आणि दुसऱ्याचे त्यावरून उलट करून लिहितो.

या शेवटच्या सवयीचे परिणाम उत्तरपत्रिकेपुरते राहत नाहीत. प्रतिपक्षाचे म्हणणे आपल्या म्हणण्याच्या उलट असणारच, असे मानून चालणारा नागरिक त्याचे म्हणणे ऐकण्याचे कष्ट घेत नाही. संमतिवयाच्या वादात दोन्ही बाजूंना मान्य असलेली भूमी पुष्कळ होती. तिच्यावर काय उभारता आले असते, हा प्रश्न त्या गदारोळात मागे पडला. वर्गात दोन वक्त्यांच्या चार वाक्यांवर हा अभ्यास करवून घेणे ही लहान गोष्ट आहे, परंतु तिची सुरुवात वर्गातच होऊ शकते.